स्टँडमागच्या मंडईच्या जागेवर सुपरमार्केट : हरकत घ्यायची का?

पेठेतला_पक्या
नगरपालिकेची पेपरातली नोटीस वाचली का कोणी? स्टँडमागची जी जागा विकास आराखड्यात भाजी मंडईसाठी आरक्षित आहे ती वाणिज्य वापरात टाकायचा प्रस्ताव आहे, एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली. मालकाला तिथं सुपरमार्केट आणायचंय हे सगळ्या गावाला माहितीय. हरकती-सूचना द्यायला एक महिना. मी तरी हरकत घेणार. कोल्हापूरला गेलो की मीपण ट्रॉली भरून सामान आणतो, त्यामुळे मला मोठं दुकान नको असं काही नाही, पण ही जागा गेली की मंडई परत होत नसते. आज भाजीवाल्या कुठं बसतात बघा एकदा. गटारीवर फळी टाकून. एसटी मागं घ्यायला लागली की पाटी उचलून उठायचं, गाडी गेली की परत बसायचं. मी शाळेत असताना हेच बघायचो, आता माझी पोरगी त्याच शाळेत जाते.

नोकरदार_ताई
मंडई होणार मंडई होणार हे ऐकून माझे केस पिकले हो. त्या जागेत आज बाभळी आणि डुकरं आहेत, मंडई नाही. मी सकाळी आठची गाडी पकडते, संध्याकाळी साडेसातला उतरते, तेव्हा भाजीत मेथीच्या दोन वाळक्या जुड्या उरलेल्या असतात. किराणा दुकानाचं तर बोलूच नका, पॅड मागायचं तर काउंटरला चार गडी टेकून उभे, मग तो पोऱ्या पेपरात गुंडाळणार, वर काळी पिशवी, जणू बॉम्बच चाललाय. हातात घेऊन भाव बघायची सोय नाही, एमआरपीवर एक रुपया सुटत नाही. येऊ दे सुपरमार्केट. मी पहिल्या दिवशी जाणार.

दुकानदाराचा_पोरगा
ताई पॅडचं एकदम मान्य, आमच्याकडं पण तसंच होतं, आता बहीण काउंटरला बसते तेव्हापासून बंद झालं. पण उधारीचं काय? आमच्या लाल वहीत आत्ता साठेक खाती चालू आहेत, अर्ध्याहून जास्त ऊसवाल्यांची. कायद्यात चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, असं असलं तरी बिल कसं हप्त्याहप्त्याने येतं सगळ्यांना माहितीय, तोवर तेल-साखर कोण देतं? तिथल्या काउंटरच्या मशीनला सांगा की बिल आलं की देतो म्हणून. आणि स्वस्त स्वस्त जे म्हणता ते सगळ्याच मालाचं नसतं. डीमार्टसारखे जागा बहुतेक स्वतःच्या घेतात आणि कंपन्यांना पैसे पटकन देतात म्हणून त्यांना भाव फुटतो, बिस्कीट-साबणात आम्ही हरणारच. पण सुट्ट्या तांदळावर जीएसटी नाही, पाकीटबंदवर जुलै २०२२ पासून ५ टक्के बसला, तिथं आमचा भाव बघा की.

बिनऊसवाला
उधारीचं कौतुक आम्हाला नका सांगू भावा. उधारी सातबारा बघून मिळते. आमच्या बापाने गवंडीकामावर आयुष्य काढलं, आम्हाला कायम 'आज रोख उद्या उधार' ची पाटी दाखवली, आणि त्याच पाटीखाली बागायतदाराचा गडी दोन पोती माल नेताना मी बघितलाय. तुमच्या दुकानात असं झालं असं म्हणत नाही, पण गावात झालंय.

दुकानदाराचा_पोरगा
झालंय. नाही म्हणणार नाही.

नाना
अरे मोठं दुकान म्हणजे परक्याचंच असतंय असं कुणी सांगितलं? मुंबईत नायगावात कामगारांनी १९४८ ला अपना बाजार हे सहकारी दुकान काढलं. आपल्या इकडं सहकारी वारणा बाजार आहेच की. दिवाळीचं सामान आणायला आमची आई खास तिकडं जायची, येताना मला रेवडी. आपणच शेअर गोळा करून काढू या.

बिनऊसवाला
नाना, आपल्या गावात पण ग्राहक भांडार होतं. रॉकेल कुठल्या दाराने बाहेर जायचं ते तुम्हीच मला सांगितलंय 😄

नाना
ते पण खरं हाय.

रिटायर_ओव्हरसियर
भांडण चुकीच्या जागी चाललंय. नुसती हरकत घेऊन आरक्षण वाचत नाही. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जागा ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, मग २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलायची, नाहीतर आरक्षण आपोआप जातं. मोबदला द्यायला पालिकेकडे पैसे कुठले, पथदिव्यांचं बिल भरताना नाकी नऊ येतात. म्हणजे आज ३७ अडवलं तरी उद्या १२७ आहेच, आणि मग ना मंडई ना अट. त्यापेक्षा डिसेंबर २०२० च्या युनिफाइड डीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, समावेशक आरक्षणाची सोय आहे ती वापरा. मालकाने ठरलेल्या भागावर मंडई बांधून पालिकेला फुकट द्यायची, उरलेल्या भागावर त्याचं सुपरमार्केट. 'हरकत' लिहू नका, 'सूचना' लिहा. आणि मंडई रस्त्याच्या बाजूला, तळमजल्यालाच पाहिजे हे ठळक लिहा, नाहीतर मागच्या अंगाला बेसमेंटमध्ये गाळे काढून देतील आणि बायका परत गटारीवरच येतील. कागदावर मंडई झालेली असेल. अशा मंडया मी नोकरीत बघितल्यात, आत सायकली लावतात लोक.

नोकरदार_ताई
हे असेल तर माझी पण सही घ्या. पण सुपरमार्केट पाहिजेच, ते गाळू नका.

पेठेतला_पक्या
मला अजून पटत नाही. अर्धी जागा म्हणजे अर्धी मंडई, आणि पार्किंग कुठं? नोव्हेंबरला सीझन सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर त्याच रस्त्याने जातात, शनिवारी सुपरमार्केटची गर्दी आणि उसाचा ट्रॅक्टर समोरासमोर आले की अॅम्ब्युलन्स अडकलीच म्हणून समजा. पण १२७ चं मला माहिती नव्हतं. ओव्हरसियर काका, मसुदा टाका, वाचतो. पार्किंगची अट त्यात पाहिजे, नाहीतर मी वेगळी हरकत देणार. आणखी एक, २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे शहर फेरीवाला समितीत निदान ४० टक्के फेरीवाले पाहिजेत. आपल्या समितीतलं एक तरी नाव कोणाला माहितीय का?

भाजीवालीचा_नातू
आज्जीला विचारलं. तिला समिती पण माहिती नाही आणि नोटीस पण नाही, ती पेपरात मिरच्या बांधते, वाचत नाही. पंचवीस वर्षं बसते तिथं. सगळं वाचून दाखवलं तर म्हणाली छप्पर आणि नळ द्या, शेजारी कोण का दुकान टाकंना, उलट त्याचं गिऱ्हाईक माझ्याकडं येईल. ओव्हरसियर काका, एकच लिहा त्यात. सुनावणी बुधवारी ठेवू नका म्हणावं. बाजार असतोय, पाटी सोडून कोण येणार?