दोरी कापून परत अखंड करायची जादू कशी शिकू?

प्रश्न: मुलीच्या वाढदिवसाला करायचीय, पण घरातली नायलॉनची दोरी घेतली तर ती ताठ राहते आणि हातातलं सगळं दिसतं. काय चुकतंय?

उत्तर १: नायलॉन सोडा, मऊ सुती दोरी घ्या, साधारण दीड मीटर. आत गाभा असेल तर ओढून काढा, मग ती छान लोळते. टोकं उसवू नयेत म्हणून थोडं फेविकॉल लावून वाळवा.

उत्तर २: खरी गंमत म्हणजे मधोमध कापायचंच नाही! दोरी दुमडून डाव्या मुठीत धरताना टोकाजवळचा भाग बोटाने वर ओढून तोच मधला फास म्हणून दाखवायचा आणि तो कापायचा, मग त्या छोट्या तुकड्याची लांब दोरीभोवती गाठ मारायची, लोकांना वाटतं दोन दोऱ्या जोडल्या, आणि दोरी हातावर गुंडाळताना गाठ मुठीत सरकवून काढून घ्यायची. गाठ फार घट्ट नको, सरकली पाहिजे.

उत्तर ३: आरशासमोर करा, पण स्वतःच्या हाताकडे बघू नका, तुम्ही जिथं बघता तिथंच मुलं बघतात. गाठ खिशात टाकायला कात्री ठेवायचं निमित्त उत्तम.

प्रश्नकर्ता: गाठ सरकवायचं कळलं नव्हतं, आज रात्रीच बसते!