भावाला किडनी द्यायला आई तयार हाय, पण रक्तगट जुळंना

औशाचा_पोरगा: मोठ्या भावाचं डायलिसिस चालूय लातूरला, आठवड्यातून तीनदा. आई एका पायावर तयार आहे पण भावाचा रक्तगट बी पॉझिटिव्ह अन् आईचा ए, वहिनी पण ए च निघाली. डॉक्टर स्वॅप करा म्हणायलेत, ते काय असतंय? अन् भावकीतले म्हणायलेत किडनी दिल्यावर आईला शेतातलं काम व्हायचं नाही, खरंय का? कुणाच्या घरी झालं असंल तर सांगा.

परभणीची_ताई: दादा, स्वॅप म्हणजे साटंलोटंच समजा. असं घर पाहिजे जिथं पेशंट ए गटाचा अन् देणारा बी गटाचा आहे, मग त्यांची तुमच्याकडं, तुमची त्यांच्याकडं. २०११ च्या दुरुस्तीपासून कायद्यात बसतंय, फक्त दोन्हीकडचे देणारे जवळचे नातेवाईक पाहिजेत. पॉझिटिव्ह निगेटिव्हचं टेन्शन नका घेऊ, किडनीला ते बघत नाहीत. सोबत ट्रान्सप्लांटचं लायसन असलेल्या हॉस्पिटलमधून संभाजीनगरच्या झेडटीसीसीच्या (मेलेल्या माणसाचे दान आलेले अवयव वाटून देणारी संस्था) वेटिंगला पण नाव टाका. कुणी पैशात आणून देतो म्हणला तर दारातूनच हाकला, घेणारा पण जेलात जातो.

खुरपं_विळा: आमच्या सासूबाईंनी दिलीय नणंदेला, आता तुरीत खुरपायला आमच्या पुढं असतात. सुरुवातीचे दीड-दोन महिने जड उचलू द्यायचं नाही, घागर सुद्धा नाही, अन् दरवर्षी बीपी, लघवी, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची टेस्ट) बघायचं. पण आईची शुगर आधी चेक करा हो, शुगर निघाली तर डॉक्टर बहुतेक नाहीच म्हणतात अन् मग बाकीच्या टेस्टचा खर्च वाया.

तीन_किडन्यावाला: नाव बघून हसू नका, जुन्या दोन बहुतेक काढतच नाहीत, नवी खाली ओटीपोटात बसवतात. ऑपरेशनपेक्षा पुढचं जास्त सांभाळायचं असतंय. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून असलेली गोळी, दर बारा तासाला म्हणजे बाराच तासाला, लग्नात असा नाहीतर रानात, मोबाईलला अलार्म लावून ठेवायचा. रक्तात गोळी किती आहे ते बघायचं, म्हणजे लेव्हलचं, रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं, गोळी खाऊन गेलात तर रिपोर्ट चुकतो. पपनस खायचं नाही, त्यानं लेव्हल वाढती. कंबर दुखली म्हणून मेडिकलवाल्याकडून डायक्लोफिनॅक तर अजिबात नाही, अन् गोळीची कंपनी सुद्धा डॉक्टरला न विचारता बदलायची नाही.

जालना_काका: तोवर भावाच्या फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी नसा जोडलेल्या) हातावर बीपीचा पट्टा बांधू देऊ नका, त्या हातातनं रक्त पण काढू देऊ नका. आपल्याकडं भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो, त्यात पोटॅशियम असतंय, डायलिसिसवाल्याला ते विषच.

औशाचा_पोरगा: लई उपकार झाले सगळ्यांचे. आईची शुगर सोमवारी बघतो. मामानं कालच सात-आठ शहाळी आणून ठेवलीत, आता आम्हीच पितो. महात्मा फुले योजनेत ट्रान्सप्लांट बसतंय का?

परभणीची_ताई: बसतंय, साडेचार लाखापर्यंत. हॉस्पिटल योजनेत पाहिजे फक्त. रेशनकार्ड, आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला गाठा, काउंटरवर विचारत बसू नका.