मदत हवी आहे : बाबांना वाफेचे इंजिन चालवता येईल का?

नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरचे. माझे वडील (वय 72) ग्वाल्हेर-श्योपूर या दोन फुटी नॅरोगेज मार्गावर वाफेच्या काळात फायरमन होते. फावड्याने भट्टीत कोळसा त्यांनी वर्षानुवर्षे घातला, परंतु रेग्युलेटर (वाफ सोडून इंजिनाचा वेग सांभाळणारा दांडा) कायम ड्रायव्हरच्याच हाती राहिला, आणि 2020 मध्ये तर ती गाडीच थांबली. आजही काचेच्या पेल्यावर बोट ठेवून ते नातीला सांगतात, की बॉयलरमधील पाणी इतके खाली गेले, तर भट्टीचा माथा उघडा पडतो आणि त्यातला सुरक्षेसाठी बसवलेला शिशाचा प्लग वितळतो.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही इंग्लंडला बहिणीकडे जाणार आहोत. तेथे सेव्हर्न व्हॅलीसारख्या जुन्या रेल्वेवर शुल्क भरून, अनुभवी ड्रायव्हरच्या देखरेखीखाली इंजिन स्वतः चालवता येते. असा दिवस कोणी अनुभवला असल्यास कृपया कळवावे. बाबांचा उजवा गुडघा दुखतो. फूटप्लेटवर (इंजिनात ड्रायव्हर उभा राहतो त्या जागी) चढण्याच्या पायऱ्या किती उंच असतात? वैद्यकीय प्रमाणपत्र मागतात का? त्यांना इंग्रजी जेमतेम येते, तेव्हा दुभाषी म्हणून मला सोबत उभे राहू देतील का? नोंदणी किती महिने आधी करावी? बाबांना अद्याप काहीही सांगितलेले नाही. खात्री झाल्याशिवाय त्यांना आशा लावणे मला बरे वाटत नाही.