मदत हवी आहे: हळू पळूनही हार्ट रेट १७०, सातारा तोंडावर आलीय

येऊरची_चढण
झोन २ मध्ये, म्हणजे हार्ट रेट हलक्या पातळीवर ठेवून, पळा असं जो तो सांगतो. मी कितीही हळू पळाले तरी घड्याळ १७० दाखवतं, झोन ५, म्हणजे सगळ्यात वरची पातळी, म्हणून लाल होतं. झोन २ मध्ये राहायचं तर चक्क चालावं लागतं. सातारा हिल हाफ मॅरेथॉन सहा आठवड्यांवर आलीय. अशी चालतच राहिले तर यवतेश्वरचा घाट पळणार कधी? माझा दम कमी आहे की हृदयातच काही गडबड आहे? लवकर सांगा, रविवारी लाँग रन आहे.

घाटमाथा
वय किती? झोपेतून उठल्यावरचा हार्ट रेट किती? घड्याळ मनगटावरचं की छातीचा पट्टा? हळू म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं? काही औषधं चालू आहेत का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

आंबीलवाला
भाऊ, घामातून मीठ जातंय तुमचं. ताक घातलेली नाचणीची आंबील रोज घ्या. मी आजवर पळताना घ्यायचं एकही एनर्जी जेल घेतलेलं नाही, फुल मॅरेथॉनलाही खजूर आणि मिठाचं पाणी.

येऊरची_चढण
भाऊ नाही, ताई. आणि मिठाचा संबंध नाही, पहिल्या पाच मिनिटांतच १७० होतो. वय ४४. उठल्यावर ५८. औषध कुठलंही नाही. घड्याळ मनगटावरचं. साडेसात-आठच्या पेसने पळते. आता सांगा.

एकशे_ऐंशी
अगदी सोपं आहे. मॅफेटोन पद्धत. १८० वजा वय, म्हणजे तुमचा आकडा १३६. त्याच्या वर एक ठोकाही जायचं नाही. चालावं लागलं तर चाला. तीन-चार महिन्यांत त्याच १३६ ला पेस आपोआप सुधारतो. माझा सुधारला.

खाडीकाठ
@एकशे_ऐंशी, त्यांच्याकडे सहा आठवडे आहेत हो, तीन-चार महिने कुठून आणायचे? आणि वय वजा करून येणारा कुठलाही आकडा हा अंदाजच. २२० वजा वय हे सूत्रही तसंच, एकाच वयाच्या दोन माणसांच्या कमाल हार्ट रेटमध्ये सहज १०-१२ ठोक्यांचा फरक असतो, कधी जास्तही. ताई, घड्याळात झोन २ किती ते किती दिसतोय?

येऊरची_चढण
१०६ ते १२३.

खाडीकाठ
तरीच चालावं लागतंय. घड्याळाने २२० मधून ४४ वजा करून १७६ धरले आणि त्याचे ६० ते ७० टक्के काढले. तुमचा विश्रांतीतला ५८ त्याने हिशोबात घेतलाच नाही. कार्व्होनेनची रीत वापरा. १७६ मधून ५८ गेले, राहिले ११८. त्याचे ६० ते ७० टक्के काढून त्यात ५८ परत मिळवा. १२९ ते १४१ येतं. बऱ्याच घड्याळांत सेटिंगमध्ये 'हार्ट रेट रिझर्व्ह' असा पर्याय असतो, तो निवडा. खरा कमाल आकडा १७६ पेक्षा जास्त निघाला तर झोन अजून वर सरकेल.

बीपीवाला_काका
मी बीटा ब्लॉकर घेतो, म्हणजे ठोके कमी ठेवणारी बीपीची गोळी. घाटातसुद्धा माझा आकडा १३० च्या वर जात नाही. त्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही सूत्रं वापरूच नयेत, कोणी विचारलं नसलं तरी लिहून ठेवतो. मी पळताना आरतीचं एक कडवं मोठ्याने म्हणून बघतो. सलग म्हणता आलं तर वेग बरोबर.

घाटमाथा
झोन चुकलेत हे मान्य, पण १७० चं कोडं त्याने सुटत नाही. ताई, चढावर आणि सपाटीवर आकडा वेगवेगळा येतो का? आणि कॅडन्स किती आहे, म्हणजे मिनिटाला पावलं?

येऊरची_चढण
आकडा सगळीकडे जवळपास सारखाच, १६८ ते १७२. कॅडन्स आत्ता ॲपमध्ये बघितला, सरासरी १६९. त्याचा इथे काय संबंध?

घाटमाथा
तोच तर संबंध आहे! घड्याळ तुमची पावलं मोजतंय. मनगटावरचं घड्याळ कातडीखाली हिरवा प्रकाश टाकतं आणि प्रत्येक ठोक्याला रक्त कमी-जास्त होतं त्यावरून गती ओळखतं. घड्याळाचा पट्टा सैल असला की हाताच्या हालचालीचा ताल त्याला जास्त ठळक लागतो आणि ते तोच धरून बसतं. खरा हार्ट रेट चढावर आणि सपाटीवर असा एका जागी खिळून राहत नाही. उद्या पळताना मध्येच थांबा, थांबल्या क्षणी मानेवरची नाडी १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. उशीर करू नका, थांबल्यावर आकडा भराभर उतरतो. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा.

एकशे_ऐंशी
माझं घड्याळ कधीच असं करत नाही. उगाच घड्याळाला दोष देऊन माणसं जोरात पळतात आणि मग गुडघे धरून बसतात.

हिरवा_डगला
घड्याळाचं काहीही निघो, ४४ व्या वर्षी घाटाची शर्यत आहे तर एकदा डॉक्टरांकडून ईसीजी आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. हिमोग्लोबिन कमी असलं तरी हलक्या पळण्यात ठोके वाढतात, आणि आपल्याकडे बायकांमध्ये ते किती कमी असतं हे मी रोज बघते. छातीत दाब, चक्कर, धडधड थांबत नाही असं काही झालं तर रविवारची वाट बघू नका.

येऊरची_चढण
आज नाडी मोजली. ३५. म्हणजे १४०. घड्याळ त्याच वेळी १७१ दाखवत होतं! हृदयाची भीती डोक्यावरून उतरली. @हिरवा_डगला, तरीही तपासणी करून घेते. मैत्रीण छातीचा पट्टा देतेय. आता घाटात किती आकडा धरू ते सांगा.

खाडीकाठ
त्यासाठी आधी तुमचा थ्रेशोल्ड, म्हणजे जोरात पळताना बराच वेळ टिकवता येईल असा वरचा हार्ट रेट, कळायला हवा. तपासणीत सगळं ठीक निघालं तर सपाट रस्त्यावर ३० मिनिटं जितकं टिकेल तितकं जोरात पळा. शेवटच्या २० मिनिटांतल्या हार्ट रेटची सरासरी म्हणजे थ्रेशोल्ड. छातीचा पट्टा लावूनच करा. रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबा, ही चाचणी कमालीची दमवते.

घाटमाथा
घाटात पेस बघायचाच नाही, तिथे हार्ट रेटच कामाचा. शहरातून निघताना गर्दी आणि उत्साहाने आकडा तसाच ५-१० वर असतो, त्याला घाबरू नका, फक्त कुणाच्या मागे धावत सुटू नका. चढ लागला की थ्रेशोल्डच्या थोडं खालीच राहा. आकडा चढाच्या मागून येतो, त्यामुळे वळणावर पाय जड झाले तर तो वाढायची वाट न बघता लगेच पावलं आखूड करा. उतारावर उलटं होतं. हार्ट रेट खाली दिसतो म्हणून लोक सुसाट सुटतात आणि सगळा मार मांड्यांवर बसतो. तिथे आकड्याचं ऐकू नका. येऊरच्या डोंगरावर चढता तसं उतरण्याचाही सराव करा.

आंबीलवाला
कोणी साताऱ्याला मुक्कामी असेल तर दुसऱ्या दिवशी कासचं पठार बघून या. फुलांच्या हंगामात आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

येऊरची_चढण
@घाटमाथा, चढताना थ्रेशोल्डच्या खाली, हे नक्की केलं. एक राहिलं, लाँग रनच्या दुसऱ्या अर्ध्यात पेस तोच राहून आकडा वाढत गेला तर हळू व्हायचं का?

घाटमाथा
सरावात हो. ठाण्याच्या दमटपणात घाम वाळत नाही, अंगातलं पाणी कमी झालं की प्रत्येक ठोक्याला रक्त कमी ढकललं जातं आणि ठोके वाढतात. पाच-सात ठोके वाढले तर चालतील, त्यापुढे हळू व्हा आणि पाणी प्या. पट्ट्याचे इलेक्ट्रोड लावायच्या आधी ओले करा, कोरडे असले की सुरुवातीला वेडेवाकडे आकडे येतात.

एकशे_ऐंशी
१३६. मी अजूनही तेच म्हणेन.