चर्चा धागा: सिंती आणि रोमांच्या सांस्कृतिक केंद्राने काय खुले करावे आणि काय समाजाकडेच राहू द्यावे?

अश्वत्थ (धागाकर्ता):
जर्मनीतील हायडेलबर्गच्या जुन्या भागात १९९७ पासून सिंती आणि रोमा, म्हणजे बाहेरचे लोक ज्यांना ‘जिप्सी’ म्हणत आले त्या समाजाचे दस्तऐवज व सांस्कृतिक केंद्र उभे आहे. नाझींनी केलेल्या या समाजाच्या वंशसंहाराचे तिथले प्रदर्शन एका बाजूला घरगुती छायाचित्रे आणि त्यांच्यासमोर छळाची सरकारी कागदपत्रे अशा पद्धतीने मांडले आहे. जर्मन न्यायालयाने १९५६ मध्ये या समाजाचा १९४३ पूर्वीचा छळ वांशिक नव्हताच असे ठरवले होते आणि वंशसंहाराला सरकारी मान्यता मिळण्यासाठी १९८० मध्ये डाखाऊ येथे, नाझींच्या जुन्या छळछावणीच्या जागी, उपोषण करावे लागले. ती मान्यता १९८२ मध्ये चान्सलर हेल्मुट श्मिट यांनी दिली. त्यामुळे छळाचा प्रत्येक कागद खुला झालाच पाहिजे.

मात्र या समाजाची रोमानेस भाषा, घरातील रीती आणि मृतांविषयी पाळले जाणारे संकेत हेही जगापुढे मांडावेत, हा आग्रह मला मान्य नाही. नाझी राजवटीत या समाजाची ‘वांशिक’ तपासणी करणाऱ्या रॉबर्ट रिटरची सहकारी एव्हा युस्टिन रोमानेस बोलत असे, म्हणूनच सिंती कुटुंबांनी तिला घरात घेतले आणि नातीगोती सांगितली. त्याच माहितीच्या आधारे रिटरच्या कार्यालयाने हजारो माणसांवर वांशिक शिक्के मारले. मुल्फिंगेनच्या बालगृहातील सिंती मुलांवर तिने प्रबंध लिहिला आणि तो पूर्ण झाल्यावर, मे १९४४ मध्ये, त्या मुलांना आउश्वित्झला पाठवण्यात आले. त्यांतील चारच वाचली. ज्यांच्या घरात ही आठवण आहे, त्यांनी परक्यासमोर आपली भाषा बोलायचे नाकारले तर त्यांना दोष कसा देणार?

गोदातीर:
धागाकर्त्यांची कळकळ समजते, तरीही निष्कर्ष पटत नाही. ऑस्ट्रियातील बुर्गेनलांडमध्ये रोमांपैकी फारच थोडे नाझींच्या छावण्यांतून जिवंत परतले आणि त्यांची बोली घराघरांतून नाहीशी होऊ लागली. १९९० च्या दशकात ग्रात्स विद्यापीठाच्या साहाय्याने तिची लेखनपद्धती ठरली, पुस्तके निघाली, ती शिकवली जाऊ लागली. लिहून ठेवले नसते तर आज नातवंडांच्या हाती काय उरले असते?

नोंद मारते तशी ती साक्षही देते. आउश्वित्झच्या बिर्केनाऊ भागातील सिंती आणि रोमा कुटुंबांच्या छावणीची नोंदवही पोलिश कैद्यांनी १९४४ मध्ये चोरली, कपड्यांत गुंडाळून बादलीत घातली आणि जमिनीत पुरली. ती १९४९ मध्ये उकरून काढली, तेव्हा पाण्याने काही पाने खराब झाली होती. १९९३ मध्ये छापलेल्या स्मृतिग्रंथातील सुमारे एकवीस हजार नावे मुख्यतः त्या वहीमुळे आपल्याला ठाऊक आहेत.

अश्वत्थ:
ती वही मारेकऱ्यांची होती, समाजाची नव्हे. ती खुली करण्याला माझा पाठिंबा वरच दिला आहे. बुर्गेनलांडचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे, कारण तिथे पुढाकार रोमांच्या स्वतःच्या संघटनेने घेतला होता. याउलट रिटरच्या कार्यालयाची कागदपत्रे युद्धानंतरही संशोधकांच्याच हाती फिरत राहिली. १९८१ मध्ये सिंती कार्यकर्त्यांनी ट्युबिंगेन विद्यापीठाच्या अभिलेखागारात ठाण मांडले, तेव्हा कुठे ती कोब्लेन्झच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेली.

मृण्मयी_क:
आपण दोघेही ‘समाज’ हा शब्द एकवचनी वापरत आहात, ही मला मोठी अडचण वाटते. सिंती शतकानुशतके जर्मन भाषक प्रदेशात आहेत, तर पूर्व आणि आग्नेय युरोपातील रोमांचा भाषेविषयीचा दृष्टिकोन पुष्कळदा वेगळा आहे. अनेकांना शाळेत ती भाषा हवी आहे. मग केंद्राने नेमके कोणाचे ऐकावे?

आपल्याकडेही हा प्रश्न आहेच. ब्रिटिश काळातील गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुंपणाआड ठेवले जाई आणि त्यांची हजेरी पोलीस घेत. भटक्या-विमुक्तांच्या बोलींविषयी सर्वांत जुने लेखन पुष्कळदा त्याच पोलिसांचे आहे. घरच्या माणसांनी काहीच नोंदवले नाही, तर पुढील अभ्यासक तेच चाळणार, म्हणून मी गोदातीर यांच्या बाजूला झुकते.

गोदातीर:
मग मधला मार्ग असा सुचवतो: ध्वनिमुद्रण आताच व्हावे, वृद्ध हयात आहेत तोवर, मात्र ते केव्हा आणि कोणाला ऐकवायचे हे सांगणाऱ्याच्या कुटुंबाने लेखी ठरवावे आणि केंद्राने त्याचे पालन करावे.

अश्वत्थ:
कुटुंबाचा शब्द अखेरचा असेल तर माझा विरोध बराच मावळतो. तरी एक शंका राहते. केंद्र स्वयंशासित असले, तरी ते जर्मन संघराज्य आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या निधीवर चालते. उद्या सरकार बदलले आणि निधीसोबत ध्वनिमुद्रणे खुली करण्याची अट आली, तर ती कोणाच्या ताब्यात असतील, हे आजच्या करारात लिहिलेले असले पाहिजे. मूळ प्रत कुटुंबाकडे आणि केंद्राकडे केवळ ठेव, एवढे तरी त्यात असावे.