कायपर पट्ट्यातला 'कायपर' म्हणजे तांबट का?

खगोलवेडा
नेपच्यूनपलीकडच्या पट्ट्याला ज्यांचं नाव आहे ते जेरार्ड कायपर (जन्म 1905) मूळचे डच. त्यांचं आडनाव आणि इंग्रजीतलं 'कूपर' एकच, असं वाचलं. मग अर्थ तांबट असा घ्यायचा का? आणि स्पेलिंग इतकी वेगवेगळी का दिसतात?

शब्दचिकित्सक
तांबट नव्हे. डचमध्ये तांब्याला 'कोपर' म्हणतात, तो शब्दच निराळा. कायपर म्हणजे लाकडी पिंपं आणि टब बांधणारा. 'कायप' म्हणजे टब; मूळ लॅटिन 'कूपा'. रॉटरडॅमच्या फुटबॉल स्टेडियमला लोक 'द कायप' म्हणतात ते याच अर्थाने. म्हणजे आपला 'कायपर पट्टा' शब्दशः पिंपवाल्याचा पट्टा झाला, आणि पिंपाला पट्टे लागतातच!

उच्चाराचं म्हणाल तर 'कायपर' हा इंग्रजी वळणाचा. 'एय' म्हणताना ओठांचा चंबू करा, डच उच्चाराच्या जवळ जाल.

डचमध्ये कारस्थान करण्यालाही याच धंद्याचं क्रियापद आहे. अब्राहम कायपर 1901 ते 1905 नेदरलँड्सचे पंतप्रधान होते. विरोधकांची केवढी सोय!

लाकूडकाम
या धंद्याला सुतारकामात धरू नका. ओक करवतीने कसाही कापून चालत नाही. ओंडका मध्यापासून बाहेर, त्रिज्येच्या दिशेने फोडतात. तसं केलं नाही तर लाकडाच्या आडव्या किरणपेशींच्या वाटेने द्रव बाहेर झिरपतो. प्रत्येक फळी मध्ये रुंद, टोकांना निमुळती आणि कडांना तिरकी तासलेली. एका टोकाला कड्यात उभ्या करायच्या, लाकूड ओलं करून आत जाळ करायचा, आणि मऊ पडल्यावर दुसरं टोक आवळायचं. झाकण आणि बूड आतल्या खाचेत बसतं. खिळा नाही, डिंक नाही. रिकामं पिंप कोरडं ठेवलं की फळ्या आकसतात, पट्टे सैल होतात आणि गळती लागते. खारवलेले हेरिंग मासे, बिअर, लोणी, सगळं पिंपातच जायचं, त्यामुळे हे आडनाव बंदरोबंदरी सापडतं.

दप्तरखाना
स्पेलिंगबद्दल. Kuiper ऐवजी Cuyper अशी 'सी' आणि 'वाय'ची रूपं जुन्या लेखनातली, दक्षिणेकडे जास्त टिकलेली. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचे वास्तुकार पिएर कायपर्स (Cuypers) दक्षिणेतल्या रूरमाँटचे. शेवटचा 'एस' म्हणजे आपला '-चा': कायपरचा मुलगा. जुन्या नोंदी शोधताना 'के' आणि 'सी', 'आय', 'वाय' आणि 'आय-जे', 'एस'सह आणि 'एस'शिवाय, अशी सगळी रूपं टाका.

सगळी डच आडनावं नेपोलियनच्या 1811च्या हुकुमाने जन्मली, हा समज चुकीचा आहे. कित्येक घराण्यांची त्याआधीच ठरलेली होती.

डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या पगारवह्या बघणार असाल तर एक खड्डा आहे. 'यान पीटर्स, कायपर' असं दिसलं की कायपर हे आडनाव धरू नका. पीटर्स म्हणजे पीटरचा मुलगा, आणि कायपर हा त्याचा जहाजावरचा हुद्दा. पाण्याची पिंपं सांभाळायला असा माणूस लागायचाच.

खगोलवेडा
म्हणजे या यानच्या मुलाच्या नोंदीत 'कायपर' नसेल, 'यान्स' असेल?

दप्तरखाना
बरोबर. आधी 'यान्स' शोधा.