मदत हवी आहे: नवशिक्याने दंडासाठी वेगळे कर्ल मारावेत का?

नमस्कार मंडळी,

वय २३, उंची ५ फूट ८ इंच. जिमला लागून चार महिने झाले. सेकंड शिफ्ट असल्यामुळे आठवड्यातून तीन दिवस सकाळी सात ते आठ एवढाच वेळ मिळतो. स्क्वॉट, बेंच प्रेस, बारबेल रोइंग (पुढे वाकून दांडी पोटाकडे ओढणं), शोल्डर प्रेस आणि एक दिवस डेडलिफ्ट, एवढंच करतो. कर्ल, म्हणजे हातात वजन धरून कोपर वाकवत वर उचलणं, करत नाही. सुरुवातीला बेंचवर नुसती २० किलोची दांडी हातात थरथरायची, आता ४५ किलोचे पाच रेप निघतात, म्हणजे सलग पाच वेळा उचलतो. छाती भरली, पाठ रुंद झाली असं घरचेही म्हणतात.

दंड मात्र तसेच. आईच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप घेऊन दर महिन्याच्या एक तारखेला मोजतो. पहिल्यांदा पावणेअकरा इंच होते, आता सव्वाअकरा. कोपर वाकवून मूठ आवळली की बेटकुळी दिसते, पण हात खाली सोडला की टी-शर्टच्या बाहीत अजून दोन बोटं सहज जातात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आमचे ट्रेनर म्हणतात, दंड हवेत तर रोज दंडाचेच व्यायाम कर: डंबेल कर्ल, हॅमर, प्रीचर, कर्लचे सगळे प्रकार. जिममधले एक जुने मेंबर, स्वतः चांगले तगडे, म्हणतात, "पहिलं वर्ष कर्लला हात लावू नकोस. बेंच आणि रोइंगचं वजन वाढव, दंड मागोमाग येतील." दोघंही माझ्या भल्याचंच सांगतायत. पण माझ्याकडे तासच आहे, मग त्यातलं काय कमी करू? की काहीच न बदलता थांबू?

प्रतिसाद १
कमी काहीच करू नकोस. तुझे मोठे व्यायाम दंडालाही काम देतातच. दंडाच्या मांसाचा साधारण दोन तृतीयांश भाग मागचा, म्हणजे ट्रायसेप्सचा असतो आणि बेंच, शोल्डर प्रेसमध्ये तो राबतो. नवख्या तरुणांवरचा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला होता. एका गटाने फक्त लॅट पुलडाउन (मशीनची वरची दांडी छातीकडे ओढणं) केलं, दुसऱ्याने फक्त कर्ल. १० आठवड्यांनी दंडाच्या पुढच्या स्नायूंची जाडी दोन्हीकडे ६ टक्क्यांच्या आसपास वाढली. म्हणजे ते मेंबर चुकीचं सांगत नाहीत.

पण दुसऱ्या एका छोट्या प्रयोगात त्याच माणसांनी एका हाताने डंबेल रोइंग आणि दुसऱ्या हाताने कर्ल केलं. ८ आठवड्यांनी कर्लवाल्या हाताची वाढ जवळजवळ दुप्पट भरली. रोइंगमध्ये बराच भार पाठ घेते. ट्रायसेप्सचंही तसंच. त्याच्या तीन भागांपैकी लांब भाग खांदा ओलांडून थेट पात्याला जोडलेला असतो, त्याला बेंचमध्ये पुरेसं काम मिळत नाही. डंबेल डोक्यामागे नेऊन वर ढकललंस की तो नीट ताणला जातो.

म्हणून आठवड्यातून दोन दिवस, शेवटची दहा मिनिटं: कर्लचे ३ सेट, डोक्यामागच्या एक्स्टेंशनचे ३ सेट, १० ते १२ रेप, एकाचा सेट झाला की लगेच दुसऱ्याचा. कर्लमध्ये कोपर बरगडीशी ठेव, कंबरेने झोका देऊ नकोस आणि डंबेल पूर्ण खाली सोड. अर्ध्यातून परत उचलणारेच जास्त दिसतात.

प्रतिसाद २
वजन लिहिलं नाहीस. चार महिन्यांत किती वाढलं?

धागाकर्ता
५७ होतं, आता ५८. सकाळी चहा-पोहे, डब्यात तीन चपात्या आणि भाजी, रात्री शिफ्टवरून आल्यावर वरण-भात.

प्रतिसाद २
मग खरी अडचण इथे आहे. ५ फूट ८ इंचाला ५८ किलो म्हणजे अंगावर चढायला काही शिल्लकच राहत नाही, कर्ल कितीही मार. किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन धर, तुला रोज ९० ग्रॅमच्या वर लागेल. चार अंडी म्हणजे २४ ग्रॅम, ५० ग्रॅम सोयाबीन वडी म्हणजे २५, अर्धा लिटर दूध म्हणजे १६. उरलेलं वरण, दही, चपाती यांतून निघेल. पण पोटभर भात-चपातीही वाढव. महिन्याला एक किलो वाढू दे.

प्रतिसाद ३
रोज कर्ल मारायच्या भानगडीत पडू नकोस, एवढं कळकळीने सांगतो. मी पहिल्या वर्षी तेच केलं. कोपराची आतली बाजू इतकी दुखायला लागली की पाण्याची बादली उचलवेना. दोन महिने बेंच, रोइंग सगळंच बंद होतं. आणि जमेल तेव्हा चिन-अप सुरू कर, म्हणजे तळवे स्वतःकडे ठेवून दांडीला लटकायचं आणि हनुवटी दांडीच्या वर न्यायची. एकही निघत नसेल तर स्टुलावरून उडी मारून वर जा आणि सावकाश खाली ये.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी आणि शुक्रवारी शेवटी दहा मिनिटं कर्ल आणि एक्स्टेंशन, बुधवारी रोइंगच्या जागी चिन-अप, असं ठरवलंय. आज साडेसात किलोच्या डंबेलने कर्ल केले. डंबेल पूर्ण खाली सोडल्यावर तिसऱ्या सेटला आठच निघाले. आईला वडीबद्दल सांगितलं, उद्यापासून डब्यात भाजीबरोबर येईल. एक विचारायचं राहिलं: अंडी रात्री साडेबाराला शिफ्टवरून आल्यावर खाल्ली तर चालतात ना?

प्रतिसाद २
चालतात. दिवसभराचा हिशोब पुरा झाला पाहिजे, वेळेचं एवढं मनावर घेऊ नकोस.